मुखत्यारपत्र आणि दारातला टेम्पो

पुण्यातल्या कर्वेनगर, कोथरूड आणि वारजे या भागांत घरे भाड्याने लावून देण्याचे काम मी गेली चौदा वर्षे करीत आहे. घर दाखवणे हा या कामाचा लहानसा भाग. मालकाचे कागद तपासणे, भाडेकरूच्या नोकरीची खात्री करणे, लिव्ह अँड लायसन्स कराराची नोंदणी, पोलिसांकडे भाडेकरूची माहिती भरणे, ताबा देताना मीटरचे रीडिंग आणि वस्तूंची यादी करणे, हे सारे त्यामागे असते. मागच्या जूनमध्ये यातल्या पहिल्याच पायरीवर माझ्याकडून चूक झाली.

कर्वेनगरमधला तो टू बीएचके एका वृद्ध बाईंच्या नावावर होता. त्या नाशिकला मुलीकडे राहतात आणि व्यवहार आपण पाहतो, असे त्यांच्या पुतण्यांनी सांगितले. नोंदणीकृत कुलमुखत्यारपत्र, म्हणजे मालकीणबाईंच्या वतीने व्यवहार करण्याचा अधिकार देणारा कागद, त्यांच्याकडे होते, इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा उतारा), मिळकतकराची पावती आणि वीजबिल यांवरचे नावही जुळले. भाडे २४,००० रुपये, अनामत १ लाख आणि मुदत ११ महिने असे ठरून लातूरच्या एका जोडप्याने १०,००० रुपये टोकन दिले. मालकीणबाईंशी एकदा फोनवर बोलावे असे माझ्या मनात होते, पण ‘काकूंना ऐकू येत नाही’ असे पुतणे म्हणाले आणि मी तो विषय सोडला. तिथेच चुकले.

ठरल्या दिवशी स्वयंपाकाच्या ओट्यावर लॅपटॉप आणि अंगठ्याचा ठसा घेणारे थंब मशीन मांडून मी कराराचा मसुदा शेवटचा वाचत होते. खाली टेम्पो उभा होता. त्यात गाद्या, शिलाई मशीन, कपाट, आणि ड्रायव्हरशेजारी भाडेकरूच्या आई, लातूरपासून मांडीवर धरून आणलेली तुळशीची कुंडी घेऊन. शेजारच्या बाई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या आणि रिकाम्या खोलीकडे पाहत म्हणाल्या, “बरं झालं, घरात दिवा लागेल. मार्गशीर्षात त्या गेल्यापासून कुलूपच होतं.”

म्हणजे मालकीणबाई हयातच नव्हत्या. मुखत्यारपत्र देणारी व्यक्ती वारली की त्या पत्राने दिलेला अधिकारही संपतो. पुतण्यांच्या अंगठ्याने त्या दिवशी करार नोंदला असता, तर उद्या वारसांनी दारात येऊन ‘तुम्हाला घर दिले कोणी’ असे विचारल्यावर या कुटुंबाकडे दाखवायला काहीही उरले नसते, आणि लाखाची अनामत मालक नसलेल्या माणसाच्या खात्यात गेलेली असती.

पुतण्यांना मी गॅलरीत नेले. “ताई, बहिणींना, काकूंच्या मुलींना, सगळं माहीत आहे. आज चावी देऊ, करार मागाहून करू,” असे ते म्हणाले. त्यांच्या मनात वाईट होते असे मला आजही वाटत नाही, कारण काकूंच्या आजारपणात धावपळ त्यांनीच केली होती. पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, ती जबाबदारी मालकावर असते, आणि असा करार नसेल तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचेच म्हणणे ग्राह्य धरले जाते. तुमच्या बहिणींचे घर मी तोंडी शब्दावर कोणाला देणार नाही, असे मी त्यांना स्पष्ट सांगितले. ते बराच वेळ गप्प राहिले, मग त्यांनी दोघींचे नंबर दिले आणि टोकनही तिथल्या तिथे परत केले.

खरे अवघड होते ते खाली जाणे. भाडेकरूच्या आईंनी मला पाहताच विचारले, “कुंडी वर नेऊ का, बाई?” मी त्यांच्याजवळ बसून सगळे सांगितले, काहीही लपवले नाही. मुलगा चिडला, आणि त्याचे चिडणे रास्त होते. एका ओळखीच्या दुकानदाराच्या रिकाम्या गाळ्यात सामान उतरवून घेतले आणि कुटुंब धायरीला त्यांच्या नातेवाइकांकडे गेले.

दोन्ही मुलींशी मी त्याच संध्याकाळी बोलले. एक नाशिकला, दुसरी नागपूरला. पुतणे घर भाड्याने देत आहेत हे त्यांना माहीत होते, पण आईनंतर मुखत्यारपत्र निरुपयोगी ठरते हे माहीत नव्हते. मृत्यूचा दाखला आणि वारसांचे कागद जमवून दोघींना मालक म्हणून करारात घेतले. नोंदणी ऑनलाइन असल्याने प्रत्येकीने आपापल्या गावातून आधारवर अंगठा दिला, आणि अठराव्या दिवशी करार नोंदला गेला.

भाडेकरूंकडून मी दलाली घेतली नाही, आणि गाळ्यापासून घरापर्यंतच्या टेम्पोचे पैसेही मीच भरले. आता कोणी मुखत्यारपत्र दाखवले, की टोकनला हात लावण्याआधी मी मूळ मालकाशी व्हिडिओ कॉलवर बोलते.