ताळेबंद वाचता येणारा गव्हर्नर

रविवार, रात्री

आज भावजींशी वाद झाला. ते घरी गेले तरी विषय डोक्यातून जाईना, म्हणून लिहून काढतेय.

त्यांचं म्हणणं असं की राज्य चालवायला धंदा केलेलाच माणूस हवा. ज्याने दर महिन्याला लोकांचे पगार केलेत, त्याला पैशाची किंमत कळते. पुढाऱ्यांना ती कधी कळायची? भावजींचा एल्जिनला छोटा कारखाना आहे, स्वतः घाम गाळून उभा केलेला. मंदीत त्यांनी स्वतःचा पगार थांबवला, कामगारांचा नाही. त्यामुळे हे त्यांच्या तोंडून ऐकताना मला राग येत नाही. पण आपण अमेरिकेतल्या इलिनॉयमध्ये राहतो, आणि या राज्याने हे करून पाहिलंय.

ब्रूस राउनर यांनी शिकागोच्या जीटीसीआर या प्रायव्हेट इक्विटी कंपनीत तीसेक वर्षं काढली. कंपनीच्या नावातला ‘आर’ त्यांचाच. कंपन्यांमध्ये पैसा घालायचा, त्या वाढवायच्या आणि विकायच्या, हे त्यांचं काम. २०१४ मध्ये रिपब्लिकन पक्षाकडून गव्हर्नर, म्हणजे राज्याचे कारभारी प्रमुख, म्हणून निवडून आले, तेव्हा त्याआधी साधी नगरपालिकेची निवडणूकही जिंकलेली नव्हती. राज्याची अवस्था तेव्हा खरोखर वाईट होती. पेन्शनची देणी १०० अब्ज डॉलरच्या वर गेलेली, आणि आधीच्या गव्हर्नरांपैकी लागोपाठ दोघे तुरुंगात जाऊन बसलेले. लोकांनी बाहेरचा माणूस आणला यात काही नवल नव्हतं.

आल्यावर त्यांनी अटी मांडल्या. युनियनचे अधिकार कमी करा, कामगार भरपाईचा कायदा बदला, प्रॉपर्टी टॅक्स गोठवा, आमदारकीला मुदतीची मर्यादा घाला. हे झालं की कर वाढवायचं बोलू. विधिमंडळाची दोन्ही सभागृहं डेमोक्रॅटांकडे होती, आणि सभापती मायकेल मॅडिगन मधली दोन वर्षं सोडता १९८३ पासून त्या खुर्चीत होते. दोघांपैकी कोणीच मागे हटेना. १ जुलै २०१५ ला नवं आर्थिक वर्ष लागलं, पण बजेटचा पत्ता नाही. मध्ये एक तात्पुरती सोय झाली, तेवढीच. पूर्ण बजेट मिळालं ते थेट ६ जुलै २०१७ ला, तेही विधिमंडळाने राउनर यांचा व्हेटो उलटवला तेव्हा. त्यात त्यांच्याच पक्षाचे काही आमदार विरोधात गेले. आयकर ३.७५ वरून ४.९५ टक्क्यांवर गेला आणि त्यांच्या मोठ्या अटी जिथल्या तिथे राहिल्या.

मी हिशेबातली बाई, म्हणून त्या दोन वर्षांचे आकडे मला पाठ आहेत. २०१७ च्या उन्हाळ्यात न भरलेली बिलं साधारण १५ अब्ज डॉलरवर गेली होती. राज्याच्या कायद्याप्रमाणे उशिरा चुकत्या होणाऱ्या बहुतेक बिलांवर महिन्याला १ टक्का व्याज लागतं. भावजी त्या दराने कधी कर्ज काढतील का? राज्याचं पतमानांकन ‘जंक’ म्हणजे कर्ज द्यायला धोक्याच्या दर्जाच्या फक्त एक पायरी वर राहिलं. लुथरन सोशल सर्व्हिसेस ही राज्यातली मोठी सेवाभावी संस्था. सरकारकडून ६० लाख डॉलरहून जास्त येणं अडकलेलं असताना जानेवारी २०१६ मध्ये तिने ३० उपक्रम बंद केले आणि ७५० हून अधिक माणसं कमी केली. त्यात म्हाताऱ्यांच्या घरी जाऊन मदत करणारेही होते.

आणि शिकागो स्टेट युनिव्हर्सिटी. दक्षिण शिकागोतलं हे सरकारी विद्यापीठ, बहुतेक विद्यार्थी कृष्णवर्णीय आणि पोटापाण्याचं काम सांभाळून शिकणारे. पैसे पुरावेत म्हणून त्यांनी वसंताची सुट्टी रद्द करून सत्र लवकर आटोपलं. मार्चमध्ये कर्मचाऱ्यांना सांगितलं, किल्ल्या जमा करा. नोकरी गेलेली नाही, पण जाऊ शकते, म्हणून ऑफिसच्या किल्ल्या आधीच परत द्या. एप्रिलअखेर ३०० च्या आसपास लोकांना घरी पाठवलं. ती किल्ल्यांची बातमी वाचून मी सुन्न झाले होते.

भावजी म्हणाले, “यात मॅडिगनचा दोष नाही का?” आहे, आणि मोठा आहे. पुढे लाचखोरीच्या खटल्यात ते दोषी ठरले आणि २०२५ मध्ये साडेसात वर्षांची शिक्षा झाली. पण मी त्यांना विचारलं, “भावजी, तुमचं भागीदाराशी पटेना तेव्हा तुम्ही काय केलंत?” म्हणाले, “त्याचा हिस्सा विकत घेतला.” माझा मुद्दा हाच. मॅडिगनचा हिस्सा विकत घेता येत नव्हता. त्यांना त्यांच्या मतदारांनी निवडलं होतं. सौदा लांबवला की समोरचा नरमतो, हा धंद्यातला अनुभव इथे उलटला, कारण लांबवण्याची किंमत टेबलावरच्या दोघांपैकी कोणीच भरत नव्हतं.

बाकीची हत्यारंही चालत नाहीत. अमेरिकेत राज्याला दिवाळखोरी जाहीर करता येत नाही. पेन्शन कमी करणारा २०१३ चा कायदा इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयाने मे २०१५ मध्ये एकमताने रद्द केला, कारण राज्यघटनेतच तसं करायला मनाई आहे. तोट्यातला विभाग बंद करावा, तर इथे त्या विभागात माणसं राहतात.

तरी मी धंदेवाल्यांच्या विरोधात नाही. व्हर्जिनियाचे मार्क वॉर्नर मोबाइल फोनच्या धंद्यात श्रीमंत झाले आणि २००२ मध्ये गव्हर्नर झाले. विधिमंडळ रिपब्लिकनांचं, हे डेमोक्रॅट, तिजोरीत मोठी तूट. २००४ मध्ये त्यांनी विरोधी पक्षातले पुरेसे आमदार वळवून करसुधारणा मंजूर करून घेतली. पण गव्हर्नर होण्याआधी ते राज्यात पक्षाचे अध्यक्ष होते आणि १९९६ मध्ये सिनेटची निवडणूक लढून हरले होते. मला वाटतं त्यांना जास्त उपयोग त्या वर्षांचा झाला. आकडे त्यांना आधीपासून येतच होते. आपलं ऐकायला बांधील नसलेल्या माणसासमोर बसून मत मागायचं, हे ते तिथे शिकले.

आमचे आत्ताचे गव्हर्नर प्रिट्झकर हे तर हयात हॉटेलवाल्या घराण्यातले. २०२० मध्ये करपद्धती बदलण्याच्या प्रस्तावाच्या प्रचारात त्यांनी स्वतःचे ५ कोटी डॉलरहून जास्त घातले, आणि लोकांनी मतदानात नाही म्हटलं.

म्हणून उद्या कोणी उद्योजक मत मागायला आला, तर कंपनीची उलाढाल किती वाढवली हे मी विचारणार नाही. शाळेचं बोर्ड, गावाची समिती, युनियन, कुठेही असो, ज्याला कामावरून काढता येत नाही अशा माणसाकडून तुम्ही काय मंजूर करून घेतलंत आणि त्यासाठी स्वतःचं काय सोडलंत, ते सांगा म्हणेन.