लासलगावात दुकान टाकू का?

"लासलगावात दुकान टाकलं तर चालेल का? आणि राहायला कसं आहे हो तिथे?" हे दोन प्रश्न मला कायम जोडीनेच विचारले जातात. विचारणारे बहुतेक पुण्या-नाशिकात नोकरी करणारे, मूळचे निफाड, येवला, चांदवडकडचे. काहींची इथे सासुरवाडी. परवा पुन्हा तुम्ही विचारलंत म्हणून या वेळी फोनवर अर्धवट सांगण्यापेक्षा नीट लिहून काढते. आमची छापखान्याची लहानशी प्रेस आहे. लग्न होऊन आले तेव्हापासून मी तिच्या गल्ल्यावर बसते, त्यामुळे जे सांगतेय ते त्या गल्ल्यावरून पाहिलेलं आहे.

दुकान चालतं, पण पगारासारखं चालत नाही. एक तारखेला पैसे येणार, पाच तारखेला हप्ता जाणार, या हिशोबाची सवय असेल तर पहिल्या वर्षातच जीव घाबरा होईल. इथे कापडवाला, सराफ, खतवाला, दुचाकीची शोरूम, दवाखाना, शाळेची फी, सगळं कांद्याच्या भावावर आहे. आशिया खंडातली सर्वात मोठी कांदा बाजारपेठ म्हणून नाशिक जिल्ह्यातलं, निफाड तालुक्यातलं आमचं गाव ओळखलं जातं, बाजार समिती 1947 पासूनची आहे. सकाळी पहिल्या गाड्यांना काय भाव फुटला हे चहाच्या टपरीपासून सोनाराच्या पेढीपर्यंत सगळ्यांना लगेच कळतं. त्या दिवशी गिऱ्हाईक कसं बोलणार, हेही त्यावरच ठरतं.

म्हणून इथे यायचं तर आधी कांद्याचं वर्ष समजून घ्या. दिवाळीच्या पुढेमागे पावसाळी लाल कांदा यायला लागतो. तो टिकत नाही, काढला की विकावाच लागतो. त्याच्यामागून रांगडा, म्हणजे उशिराचा पावसाळी कांदा. मग मार्च ते मे उन्हाळ कांदा, आमचं मुख्य पीक. त्याचं रोप ऑक्टोबर-नोव्हेंबरात टाकतात, लागवड डिसेंबर-जानेवारीत. हा कांदा चाळीत, म्हणजे हवा खेळती राहील अशा कांद्याच्या कोठारात, साठवता येतो, पार दिवाळीपर्यंत. ज्याला देणी भागवायची आहेत तो शेतातूनच थेट मार्केटला आणतो. ज्याला दम आहे तो चाळ भरतो आणि गरजेप्रमाणे फोडतो: पोरांच्या फीला थोडा, पेरणीला थोडा, गणपती-दसऱ्याला थोडा. चाळीत वजन घटतं, सड होते, कोंब येतात. पाच-सहा महिन्यांत चांगला तिसरा हिस्सा जाऊ शकतो. तरीही लोक ठेवतात, कारण पुढे भाव वाढेल ही आशा असते. त्या आशेवरच आमच्या सगळ्यांची दुकानं उभी आहेत असं म्हटलं तरी चालेल. निफाडकडच्या द्राक्षांचा पैसा जानेवारी ते मार्च थोडा आधार देतो. जुलै-ऑगस्ट मात्र कोरडे. आभाळ भरलेलं आणि गल्ला रिकामा.

लिलाव एकदा तरी डोळ्यांनी बघा. ट्रॅक्टर आणि पिकअपच्या रांगा लागलेल्या असतात. व्यापाऱ्यांचा घोळका एका गाडीजवळ येतो. कोणी ट्रॉलीत कोपरापर्यंत हात घालून खालचा कांदा वर काढतो, अंगठ्याने पत्ती घासून बघतो, दाबून बघतो, एखादा कापून बघतो. बोली सुरू होते, शे-पन्नास, दहा-वीस रुपयांनी चढते, आणि आपण अजून कोण काय बोललं ते समजून घेतोय तोवर संपते. घोळका पुढच्या गाडीला. गाडीचा मालक ट्रॉलीवर उभा असतो. त्याच्या चार-पाच महिन्यांच्या राबणुकीचा निकाल एखाद्या मिनिटात लागलेला असतो. भाव पटला नाही तर तो नाही म्हणू शकतो, पण परत फिरायचं तर डिझेल, वेळ आणि उद्याचा भाव याची खात्री कोण देणार? मग गाडी भुईकाट्यावर आणि तिथून व्यापाऱ्याच्या खळ्यावर, म्हणजे माल उतरवायच्या आवारात. खळ्यावर ट्रॉली रिकामी होताना खालचा माल हलका निघाला तर पुन्हा घासाघीस. तिथेच बायका बसून प्रतवारी करतात, गोल्टी म्हणजे बारीक कांदा वेगळा, मोठा वेगळा, फुटका-सडका वेगळा. मग जाळीच्या गोण्या भरून ट्रक निघतात, नाहीतर स्टेशनवर रेल्वेची मालगाडी लागते.

या सगळ्याचा शेवट एका कागदावर होतो, आणि तो कागद पिढ्यान्‌पिढ्या आमच्यासारख्या प्रेसनी छापला. हिशोबपट्टी. वर गाडी नंबर, शेतकऱ्याचं नाव, गाव. मग वजन, भाव, रक्कम. खाली हमाली, तोलाई, वाराई अशी मजुरीची कपात. सगळ्यात खाली निव्वळ देय. आता बऱ्याच पट्ट्या संगणकावर निघतात, आमचं ते काम कमी झालं, पण पट्टी अजून तशीच आहे. दुकानात आलेला माणूस खिशातून घडी घातलेली पट्टी काढून मला दाखवतो, तेव्हा मी सर्वात आधी खालचा आकडा बघते. याच तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने नोव्हेंबर 2018 च्या अखेरीस साडेसातशे किलो कांद्याचे आलेले 1064 रुपये मनिऑर्डरने पंतप्रधानांना पाठवले होते. देशभर बातमी झाली. आम्हाला त्या बातमीत नवल वाटलं नाही, कारण तसल्या पट्ट्या आम्ही रोज हातात धरत होतो.

आणि भाव नुसता पावसापाण्याने पडत नाही, हे शहरातल्या माणसाला सांगावंच लागतं. 19 ऑगस्ट 2023 ला निर्यातीवर 40 टक्के शुल्क लागलं. लिलाव बंद पडले, आंदोलनं झाली. डिसेंबरात, 8 तारखेला, निर्यातच बंद. ऐन लाल कांद्याच्या आवकेत! मे 2024 मध्ये बंदी उठली, पण टनाला 550 डॉलरची किमान निर्यात किंमत आणि 40 टक्के शुल्क लावून. सप्टेंबरात किमान किंमत गेली, शुल्क 20 टक्क्यांवर आलं आणि 1 एप्रिल 2025 पासून ते संपलं. त्यातच एप्रिल 2024 मध्ये हमाली-तोलाईच्या लेव्हीच्या, म्हणजे माथाडी मंडळाकडे भरायच्या रकमेच्या, वादात जिल्ह्यातल्या बाजार समित्यांचे लिलाव कितीतरी दिवस ठप्प होते. शहरात भाजी महाग झाली की चॅनेलवर चर्चा होते. कांदा शेतकऱ्याच्या घरात सडतो तेव्हा ती चर्चा होत नाही. मला याचा राग येतो आणि तो लपवावा असं वाटत नाही. दिल्लीतल्या एका अधिसूचनेने माझ्या समोरच्या चपलांच्या दुकानातली विक्री आठवड्याभरात खाली येताना मी पाहिली आहे.

आता धंद्याचं. पहिली गोष्ट उधारी. "कांद्यावर देतो" हे वाक्य तुम्हाला पहिल्याच आठवड्यात ऐकू येईल. याचा अर्थ माल विकला की देतो. नाही म्हणालात तर दुकान चालणार नाही, आणि सगळ्यांना हो म्हणालात तर भांडवल वहीत अडकून बसेल. कोणाला द्यायची हे कसं ओळखायचं? त्याची जमीन किती, यापेक्षा त्याची चाळ कशी आहे ते विचारा. चाळ व्यवस्थित बांधलेली, हवा खेळती, वर पत्रे धड, तर माणूस पुढचा विचार करणारा. आणि गावातल्या जुन्या दुकानदाराला विचारा. मी नवीन दुकानदाराला हे नेहमी सांगते: पहिलं वर्ष शेजारच्या दुकानाशी स्पर्धा करू नका, त्याच्याशी ओळख करा. कोण देतो, कोण फिरवतो, कोणाच्या घरी आजारपण आहे म्हणून यंदा थांबायला हवं, हे सगळं त्याच्याकडे आहे. वसुलीसाठी घरी जायचं तर एकट्याने जा आणि चारचौघांत विषय काढू नका. भाव चांगला मिळाला की माणूस स्वतःहून येतो, आणि आधीच्या वर्षी तुम्ही त्याला कसं वागवलंत हे तो विसरत नाही. मंदीच्या वर्षात आमच्याकडे ज्यांनी पत्रिका उधारीवर छापल्या, त्यांच्यापैकी बहुतेकांनी चांगल्या वर्षी न मागता पैसे आणून दिले.

पत्रिकांचं निघालंच आहे तर. भाव पडला म्हणून लग्नं थांबत नाहीत, पण पत्रिकेचा कागद लगेच हलका होतो. जाड कागद, मखमली पाकीट, सोनेरी गणपती, हे भावाच्या वर्षात. एरवी साधं कार्ड, प्रती निम्म्या, आणि बाकीच्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर. मुलीचा बाप नमुन्यांची वही चाळताना महागड्या पानावर थोडा थांबतो आणि पुढे जातो, तेव्हा आम्ही काहीच बोलत नाही. तुमचं दुकान कशाचंही असो, तुमच्याकडे स्वस्त आणि बरं असं दोन्ही हवं. नुसता भारी माल ठेवणारे इथे टिकलेले मी पाहिले नाहीत.

राहायचं म्हणाल तर स्वस्त आहे, माणसं मोकळी आहेत, दुःखाच्या वेळी दाराशी गर्दी होते. आणि खाजगीपण कमी आहे. तुमच्याकडे पाहुणे कोण आले, हे तुमच्या आधी किराणावाल्याला माहीत असतं. मोठ्या आजाराला नाशिक गाठावं लागतं, साठेक किलोमीटर. मुंबई-भुसावळ रेल्वेमार्ग गावाजवळून जातो, तरी सगळ्या गाड्या थांबत नाहीत. पावसाळ्यात सडक्या कांद्याचा वास येतो, अगदी अंगणात. नवीन माणसाला त्याचा त्रास होतोच, तसा मलाही झाला. सवय होते म्हणून मी खोटा धीर देणार नाही. काहींना होत नाही.

बघायला काय आहे, असंही विचारता. नांदूरमध्यमेश्वर जवळ आहे, गोदावरी-कादवा संगमावरचा पाणपक्ष्यांचा परिसर, महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. हिवाळ्यात पहाटे जा. येवल्याला पैठणी विणताना बघता येते, चांदवडला होळकरांचा रंगमहाल आहे. आणि गावातच भाभा अणुसंशोधन केंद्राचं 'कृषक' विकिरण केंद्र आहे, 2002 पासून. कांद्याला कोंब येऊ नयेत म्हणून उभारलेलं. 2007 साली अमेरिकेने आपल्या आंब्याला दार उघडलं तेव्हा हापूस इथूनच प्रक्रिया होऊन तिकडे गेला. कोकणचा हापूस अमेरिकेला जाताना लासलगावहून गेला, हे ऐकून माहेरचे लोक अजून विश्वास ठेवत नाहीत.

यायचं ठरलंच, तर गाळ्याचं भाडं ठरवायला एप्रिल-मेमध्ये येऊ नका. तेव्हा बाजारपेठेत पाय ठेवायला जागा नसते आणि मालक त्या गर्दीचं भाडं सांगतो. जुलैच्या शेवटी या. दुपारी मेन रोडवरून एक चक्कर मारा, तुम्ही टाकणार तशाच दुकानात जाऊन बसा, गिऱ्हाईक किती येतं ते मोजा. पूर्वी अमावस्येला लिलाव बंद असायचे, आता ती प्रथा मोडली आहे, त्यामुळे वार बघूनच या, रविवार नको. त्या जुलैच्या विक्रीत भाडं, वीजबिल आणि एका माणसाचा पगार सुटत असेल, तर अनामत द्या. सुटत नसेल, तर गाळा लहान घ्या, पण माणूस स्थानिकच ठेवा. वहीतली नावं त्यालाच कळतील.