शुद्ध माल आला आणि बॅच बिघडली

आमच्या हायड्रोजनेशन सेक्शनला, म्हणजे हायड्रोजन जोडायच्या विभागात, पॅरा क्लोरोनायट्रोबेंझीनचं क्लोरोॲनिलिन करतो, प्लॅटिनम ऑन कार्बनवर, म्हणजे कार्बनच्या भुकटीवर बसवलेल्या प्लॅटिनमच्या कॅटॅलिस्टवर (रिॲक्शनचा वेग वाढवणारा पदार्थ). रेणूतल्या नायट्रो गटाचा अमिन झाला पाहिजे पण क्लोरीन जागचा हलता कामा नये, सगळी कसरत तेवढ्यासाठी. कॅटॅलिस्ट जितका तेज तितकं चांगलं असं बाहेरच्यांना वाटतं, इथे तसं नाही.

त्या दिवशी शिफ्टमधले सगळे खूश, बॅच हायड्रोजन नुसती ओढतेय, लवकर उरकणार म्हणून. मला तेच खटकलं. एक मोल नायट्रोला तीन मोल हायड्रोजन लागतो, तेवढा जाऊन झाला की फीड बंद करून प्रेशर स्थिर राहायला हवं, इथे काटा खाली येतच होता. सॅम्पल गाळून पाण्यात हलवलं, पाण्याच्या थरात नायट्रिक ॲसिड आणि सिल्व्हर नायट्रेटचे थेंब सोडले तर दह्यासारखा पांढरा साका. म्हणजे क्लोरीन सुटतोय, ॲनिलिन होतंय आणि वर एसएस 316 या स्टेनलेस स्टीलच्या ऑटोक्लेव्हला (प्रेशरच्या बंद भांड्याला) क्लोराईडने गंजायचा त्रास तो वेगळाच. लगेच थंड करून व्हेंट केलं, नायट्रोजन दिला. नंतर जीसीत, म्हणजे गॅस क्रोमॅटोग्राफीच्या तपासणीत, ॲनिलिनचा पीक दिसलाच.

मीटिंगमध्ये नेहमीप्रमाणे खापर कॅटॅलिस्टवर. पण लॉट तोच होता, बदललेला होता कच्चा माल, परचेसने नवा सप्लायर आणलेला आणि त्याचा माल खरंच जास्त शुद्ध. जुन्या मालात सल्फरचा अंश निघाला, नव्यात नाही. लॅबच्या छोट्या ऑटोक्लेव्हमध्ये नव्या मालात तेवढंच सल्फर घातलं तर क्लोरीन जाणं जवळजवळ थांबलं! सल्फर प्लॅटिनमला धरून बसतं आणि त्याचा जोर उतरवतं. कॅटॅलिस्टला मुद्दाम विष देणं नवीन नाही, लिंडलार या रसायनशास्त्रज्ञाने 1952 मध्ये पॅलेडियमवर शिसं चढवून अल्काईन (तिहेरी बंधाचा रेणू) पुढे न जाऊ देता सिस अल्कीनवर (दुहेरी बंधावर) थांबवलंच की. आमच्याकडे हे काम एक अशुद्धी करत होती आणि बॅच रेकॉर्डमध्ये त्याचा एक शब्द नाही, याचा मला खरंच राग आला.

एका सीनियरचं म्हणणं, मग टाका थोडा थायोयुरिया, सल्फर असलेलं रसायन. असं अंदाजपंचे चालत नाही हो, विष जास्त झालं की नायट्रो अर्ध्यातच हायड्रॉक्सिलअमिन या मधल्या टप्प्यावर अडकतो, ते साठलं आणि तापलं तर स्फोटापर्यंत जाऊ शकतं हे या धंद्यातल्या माणसाला सांगायला नको. शेवटी सल्फाईडेड, म्हणजे आधीच सल्फर चढवलेला, प्लॅटिनम मागवला, बॅचेस नीट येतायत.

पण हा कॅटॅलिस्ट रिसायकल करताना त्यावरचं सल्फर टिकतं किती, हे अजून मनात आहे, म्हणून प्रत्येक बॅचला क्लोराईड टेस्ट लावायला सांगितलीय, प्रॉडक्शनवाले वेळ जातो म्हणून कुरकुरतायत.