बॅटलस्टार गॅलॅक्टिकाचा '३३' परत बघितला

आज दुपारी दादा घरी आला होता तेव्हा आम्ही 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका' ह्या अंतराळातल्या टीव्ही सिरीजचा '३३' हा एपिसोड परत लावला आणि तो संपल्यावर चहा थंड होईपर्यंत वाद घातला, दादा गेला तरी वाद डोक्यात चालूच आहे म्हणून आता लिहूनच काढते. (खाली शेवटापर्यंतचं सगळं आहे, ज्यांना बघायचाय त्यांनी आधी बघून घ्या.)

मी म्हणतेय ती नवी सिरीज, १९७८ ची जुनी नाही. मिनीसिरीजनंतरचा हा तिचा पहिला रेग्युलर एपिसोड, इंग्लंडात ऑक्टोबर २००४ मध्ये लागला आणि अमेरिकेत जानेवारी २००५ मध्ये, लिहिलाय रोनाल्ड मूरने आणि त्याला विज्ञानकथांसाठीचा ह्यूगो पुरस्कार पण मिळालाय. माणसांनीच बनवलेल्या सायलॉन नावाच्या यंत्रांनी बारा ग्रहांवरच्या वस्त्या अणुबाँब टाकून संपवल्यात, उरलीसुरली माणसं मिळेल त्या जहाजातून पळतायत आणि त्यांच्या राखणीला गॅलॅक्टिका ही एकच जुनी युद्धनौका. जंप मारून, म्हणजे एका क्षणात अंतराळात दुसरीकडे उडी मारून, कितीही लांब गेलं तरी बरोब्बर ३३ मिनिटांनी सायलॉन हजर. की परत जंप, परत घड्याळ शून्यावर. एपिसोड सुरू होतो तेव्हा अशा २३७ जंप होऊन गेल्यात आणि १३० तास कोणाच्या डोळ्याला डोळा नाही. मी मोबाईलवर हिशोब करून बघितला, २३७ गुणिले ३३ मिनिटं म्हणजे खरंच १३० तास आणि वर थोडी मिनिटं येतात. इतकं नीट जुळवलेलं बघून मला फार बरं वाटलं.

मला सगळ्यात जास्त काय आवडतं तर दमणूक. स्पेसमधल्या गोष्टी म्हटलं की लढाया, स्फोट, लेझर, इथे लढाई आहेच पण खरी मारामारी झोपेशी आहे. सगळ्यांचे डोळे तांबारलेले, बोलताना शब्द अडखळतायत, एकच गोष्ट दोनदा विचारली जातेय, कॅमेरा हातात धरल्यासारखा हलतोय आणि मागे घड्याळाची टिकटिक. त्यात ली आणि स्टारबक ह्या गॅलॅक्टिकाच्या दोन पायलटचा सीन. पायलटना जागं ठेवायला गोळ्या देतायत, स्टारबक घेत नाही, ली तिला समजावायला जातो तर ती त्याच्यावरच उखडते की तू आमचा प्रमुख आहेस ना मग प्रमुखासारखा वाग, इतकं गोड कशाला बोलतोयस. मग तो खरंच आवाज चढवून तिला गोळी घ्यायला लावतो. दमलेल्या माणसाला प्रेमाने बोललेलं सहन होत नाही, कोणीतरी सरळ हुकूम द्यावा असं वाटतं, हे मला माहितीये. आईच्या ऑपरेशननंतर दादा आणि मी आळीपाळीने रात्री जागत होतो तेव्हा वहिनी डबा घेऊन आली आणि मायेने विचारायला लागली की तू जेवलीस का गं, झोपलीस का, तर मी तिच्यावर खेकसले होते, आणि दादा नुसता म्हणाला "घरी जा, झोप", तर मुकाट्याने निघाले. हा सीन ज्याने लिहिला तो कधीतरी असा जागलेला असणार असं मला प्रत्येक वेळी वाटतं.

आणि ३३ च का, ह्याचं उत्तर एपिसोड देतच नाही. मूरने नंतर सांगितलंय की त्या आकड्याला काहीही अर्थ नाही, असाच घेतलाय. दादाला हे अजिबात पटत नाही, त्याला कारण पाहिजे, की सायलॉनना जंपचं गणित सोडवायला इतका वेळ लागतो वगैरे काहीतरी. मला उलट हेच बरोबर वाटतं, पळणाऱ्या माणसाला कुठे कळतं की मागचा कसा शोधतोय, त्याला फक्त एवढंच कळतं की तो येतोय.

आता ऑलिंपिक कॅरियर. सगळा वाद तिथेच आहे. हे प्रवासी जहाज, १३४५ माणसं असलेलं, एका जंपमध्ये मागे राहतं, आणि पहिल्यांदाच ३३ मिनिटं उलटून जातात तरी सायलॉन येत नाहीत. तो क्षण काय घेतलाय! घड्याळ पुढे जातंय आणि कोणाला आनंद करायची पण हिंमत नाही. मग ते जहाज एकटंच परत येतं, आम्ही कसेबसे सुटलो म्हणतं आणि त्याच्यामागे सायलॉन येतात. म्हणजे माग त्याच्यावरूनच लागत होता का? जहाज थांबायला सांगितलं तरी थांबत नाही, सरळ ताफ्याकडे येत राहतं, मग कळतं की आत अणुबाँब आहे. ली आणि स्टारबकला पाठवतात. ली आपलं व्हायपर (छोटं लढाऊ विमान) खिडक्यांच्या अगदी जवळून नेतो, खिडक्यांमागे कोणी दिसत नाही. पण दिसत नाही म्हणजे कोणी नाही असं थोडंच आहे? राष्ट्राध्यक्ष रॉझलिन हो म्हणते, कमांडर अडामा हुकूम देतो आणि आपल्याच माणसांचं जहाज आपलेच पायलट उडवतात. अडामा म्हणजे लीचा बाप, हे विसरू नका. बापाने पोराला हे करायला सांगितलंय.

दादा म्हणतो आत कोणी नव्हतंच, सायलॉननी सगळ्यांना आधीच मारलेलं किंवा काढून घेतलेलं, नाहीतर खिडकीत एक तरी चेहरा दिसला असता. मला वाटतं हे आपण आपल्या मनाच्या समाधानासाठी म्हणतो. एपिसोड जर छातीठोकपणे दाखवत नाही की जहाज रिकामं आहे तर आपण कशाला ते रिकामं करायचं? ज्यांनी बटण दाबलं त्यांना जन्मभर जे कळणार नाही ते आपल्यालाही कळू नये, मी हे अगदी मनापासून म्हणतेय. दादा म्हणाला तू उगाच त्रास करून घेतेस. घेते तर घेते.

पण मग जे आवडत नाही ते पण इथेच आहे. बाल्टर. हा शास्त्रज्ञ, ह्याच्याच चुकीमुळे सायलॉन संरक्षणव्यवस्थेत शिरले आणि हे कोणाला माहीत नाही. ऑलिंपिक कॅरियरवर एक डॉक्टर आहे ज्याला आपल्यात कोणीतरी गद्दार आहे हे सांगायला रॉझलिनला भेटायचंय. म्हणजे बाल्टरला ते जहाज गेलेलंच हवंय. त्याच्या डोक्यात दिसणारी सिक्स, म्हणजे बाईच्या रूपातली सायलॉन, त्याला म्हणते की देवापुढे पश्चात्ताप कर, तो घाबरून करतो आणि लगेच रॉझलिनचा होकार येतो. जेम्स कॅलिस काम अप्रतिम करतो, त्याचा पडलेला चेहरा बघण्यासारखा आहे, तक्रार त्याच्याबद्दल नाहीच. माझी तक्रार ही की इतका जड निर्णय एका बाईने एका खोलीत उभं राहून घेतला आणि त्याच सेकंदाला आपल्याला सुचवलं जातं की कदाचित हे देवाने करवलं. मेरी मॅकडॉनेलचा चेहरा मला पूर्ण वेळ बघायचा होता, आणि कॅमेरा बाल्टरचं काय होतंय ते बघायला जातो. रॉझलिन शिक्षणमंत्री होती, तिच्या वरचे सगळे मेले म्हणून ती राष्ट्राध्यक्ष झाली, तिच्या आयुष्यातला बहुतेक सगळ्यात भयंकर होकार हा, तो तिचाच राहू द्यायला हवा होता.

दुसरं, मध्येच बाँब पडलेल्या कॅप्रिका ग्रहावर अडकलेल्या हीलोचं, म्हणजे गॅलॅक्टिकाच्या एका अधिकाऱ्याचं, पावसातलं जंगल येतं. हीलो मला आवडतो, मिनीसिरीजमध्ये तो मागे राहतो ते बघून जीव तुटला होता, आणि प्रेक्षकांना आवडला म्हणून त्याला परत आणलं हे पण चांगलंच झालं, पण ह्या एपिसोडमध्ये नको हो. इकडे आपला श्वास घड्याळाला बांधलाय आणि तिकडे गेलं की घड्याळच नाही, परत आल्यावर तो ताण पहिल्यापासून चढवावा लागतो. इथे मात्र दादा आणि माझं एकमत झालं.

संगीताबद्दल दोन शब्द. सिरीजच्या शीर्षकसंगीतात, रिचर्ड गिब्जने केलेल्या, चक्क गायत्री मंत्र आहे. पहिल्यांदा कानावर आला तेव्हा मी मागे नेऊन परत ऐकला, 'तत्सवितुर्वरेण्यं' स्पष्ट ऐकू येतं. आज्जी पहाटे म्हणायची तो मंत्र अमेरिकन सायलॉनच्या गोष्टीत! गंमत म्हणजे अजिबात उपरा वाटत नाही, सूर्याकडे बुद्धी मागणारी ती ओळ घर हरवलेल्या माणसांना शोभते.

आणि व्हाईटबोर्ड. रॉझलिनच्या ऑफिसमध्ये एक पांढरा बोर्ड आहे, त्यावर मार्करने जिवंत माणसांचा आकडा लिहिलेला. सुरुवातीला ५०,२९८. एपिसोडभर तो कमीच होत जातो, पुसायचा आणि लहान आकडा लिहायचा. अख्खी मानवजात एका बोर्डावर मावते, आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी. शेवटी तिचा मदतनीस बिली येऊन सांगतो की रायझिंग स्टार जहाजावर मूल जन्मलं, मुलगा. ती उठते आणि शेवटचा आकडा एकने वाढवते, ४७,९७३. बस, भाषण नाही, काही नाही. थकलेला चेहरा हलका होतो आणि एपिसोड संपतो. काही लोकांना हा शेवट गोग्गोड वाटतो, मला अजिबात नाही, कारण त्या ४७,९७३ मध्ये ऑलिंपिक कॅरियरची माणसं नाहीत आणि ते तिलाच सगळ्यात चांगलं माहितीये. एक मूल आलं म्हणून १३४५ भरून निघाले असं एपिसोड कुठेही म्हणत नाही.

दादा जाताना म्हणाला की पुढचा 'वॉटर' त्याच्याशिवाय लावायचा नाही. त्यात लीच्या मनावर ह्या सगळ्याचं काय झालं ते येतं, म्हणजे खिडक्यांचा वाद पुढच्या रविवारी परत होणार, आणि माझं मत काही बदलणार नाहीये.