फेरीवाल्या बायकांचा सर्व्हे करताना

इंदुरात राजवाड्याच्या आसपास फेरीवाल्यांचा सर्व्हे करायचा, तर ‘स्त्री की पुरुष’ एवढ्या रकान्याने भागत नाही. अमेरिकी कायदेपंडित किंबर्ले क्रेनशॉ यांनी १९८९ मध्ये हेच दाखवून दिलं : वंशभेद आणि लिंगभेद वेगवेगळे तपासले की कृष्णवर्णीय स्त्रियांवरचा अन्याय दोन्हीकडून निसटतो.

आपल्या फॉर्मात लिंगासोबत जात, धर्म, वय, अपंगत्व आणि गाडी कोणाच्या नावावर आहे, हेही हवं. जात शेवटी विचारा, उत्तर न देण्याची मुभा ठेवून. नवरा शेजारी उभा असेल तर कमाईचा आकडा बदलतो, म्हणून बाईशी एकटीशीच बोला. ऐन गिऱ्हाइकीत तर नकोच. माळवी बोलणारीला पुस्तकी हिंदीत प्रश्न टाकू नका.

खरी फसगत विश्लेषणात होते. समजा, २०० जणांत ६० बायका आणि त्यांत दलित विधवा ४. चौघींवर टक्केवारी काढणं चूक, त्यांना ‘इतर’मध्ये ढकलणं त्याहून वाईट. अशा गटाचा नमुना आधीच मुद्दाम मोठा घ्यावा आणि एकूण आकडे काढताना भार लावावा, म्हणजे त्या गटाचं वजन त्याच्या खऱ्या प्रमाणाइतकंच धरावं. ते जमत नसेल तर टक्केवारी सोडा, सविस्तर मुलाखती घ्या. अहवालात मात्र जागा आणि माल लिहू नका. सगळ्या गल्लीला ती कोण ते कळतं.

२०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार शहराच्या नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेते हवेत, त्यांत एक तृतीयांश स्त्रिया. दलित, आदिवासी, ओबीसी, अल्पसंख्याक, अपंग यांनाही प्रतिनिधित्व हवं. पण स्त्रियांच्या सगळ्या जागा एकाच गटाकडे गेल्या आहेत का, हे वेगळं तपासावंच लागतं. बैठकीची वेळही विचारा. पहाटे चोइथराम मंडीतून भाजी आणून दिवसभर गाडीवर उभी राहणारी बाई दुपारच्या बैठकीला येणार कशी?