अंगठ्याखालची पट्टी

"मामा, इंजिन तं शून्य दाखवून राह्यलं. मग गुकेश उगाच काहून खेळत राह्यला?"

धरमपेठेत तर्री पोहे खाता खाता भाचा मोबाइलवर २०२४ च्या सिंगापूरमधल्या बुद्धिबळ विश्वविजेतेपदाच्या लढतीचा, गुकेश विरुद्ध डिंग लिरेन, १४ वा डाव दाखवत होता. इंजिन म्हणजे चाली तपासणारा संगणक प्रोग्राम; शून्य म्हणजे डाव बरोबरीत. कोण पुढं आहे ते पटाशेजारची पट्टी वर-खाली होऊन दाखवते.

अरे, त्याच्याकडे एक प्यादं जास्त होतं. समोर तासन्‌तास बसलेला डिंग, अन् बचाव त्यालाच करायचा. हे त्या पट्टीत कुठं दिसतं?

५५ व्या चालीला डिंगनं हत्ती एफ२ वर नेला. पट्टी धाडकन खाली, गुकेशच्या बाजूनं.

"एवढी सोपी चूक!" भाचा हसला.

मी पट्टीवर अंगठा ठेवला. "आता सांग, काय चुकलं?"

पोहे गार झाले, तर्रीवर साय धरली, याला काही सापडेना. (खरं सांगतो, मलाही आधी सापडलं नव्हतं.)

तुम्ही डाव पाहताना पट्टी चालू ठेवता का?