लेकीसाठी खणाचा चेनवाला पाऊच शिवला

शाळा सुरू व्हायच्या आधी लेकीचा कंपास मोडला आणि मी ठरवलं की ह्यावेळी विकतचा नाही आणायचा, घरात ओटीचे इतके खण पडलेत, त्यातल्याच एकाचा पाऊच शिवायचा. सासूबाईंचं हाताने फिरवायचं मशीन आहेच.

चेन दादरला मिळाली, स्टेशनच्या बाहेर लेस-बटणांची दुकानं आहेत ना तिथे, मीटरवर. रनर वेगळे घ्यावे लागतात. मी 5 नंबरची नायलॉनची घेतली, पितळेच्या दातांवरून शिलाई मारताना सुई तुटते, नायलॉनवरून आरामात जाते.

नवी पेन्सिल साधारण 19 सेंमी असते, म्हणून साडेनऊ बाय पाच इंचाचे खणाचे दोन तुकडे आणि तेवढेच अस्तराचे, अस्तराला नवऱ्याचा जुना कॉटनचा शर्ट. खणाचे धागे फार सुटतात, त्यामुळे शिलाईला अर्धा इंच तरी सोडाच. चेन मुद्दाम फूटभर ठेवली, म्हणजे रनर बाजूला सरकवून सरळ टीप मारता येते, तो मध्ये आला की टीप तिथे हमखास वाकडी होते.

खण सुलटा, त्यावर चेन पालथी, त्यावर अस्तर पालथं, कडा जुळवून टाचण्या आणि टीप. दुसऱ्या बाजूलाही तेच. मग उलटवून इस्त्री, आणि चेनच्या कडेने वरून अजून एक टीप. ही वरची टीप मी आधी मारलीच नव्हती, तर अस्तर सारखं रनरमध्ये अडकायला लागलं, मग मारली.

आणि मग घोळ झाला. रनर अजून बाहेरच्या जास्तीच्या चेनवर होता आणि मी तेवढी चेन कापून टाकली, रनर हातात! सासूबाई म्हणाल्या, "अगं, आधी रनर मध्यावर घ्यायचा, मग कात्री लावायची." मग त्यांनीच जेवायचा काटा आणला, त्याच्या दातांत रनर घट्ट बसवला, दोन तोंडांची बाजू वर ठेवून, आणि चेनची दोन टोकं एकेका तोंडात घालून खाली ओढायची. पहिल्यांदा एक पट्टी दोन-तीन दात पुढे गेली, तर बंद केल्यावर चेनला मध्येच फुगा आला. परत काढला, टोकं बरोबर समान कापली, आणि तेव्हा कुठे रनर सर्रकन गेला, तो आवाज ऐकून खरंच जीव भांड्यात पडला.

पुढचं सोपं. चेन अर्धी उघडी ठेवायची (नाहीतर पाऊच सुलटा कसा करणार), खणावर खण, अस्तरावर अस्तर, चारी बाजूंनी शिलाई, फक्त अस्तराच्या तळाला तीन इंच मोकळं. चेनवरून जाताना दोनदा पुढे-मागे टीप, कारण ओढाताण सगळी तिथेच होते. त्या मोकळ्या जागेतून सुलटा केला, कोपरे पेन्सिलीच्या मागच्या टोकाने बाहेर काढले, फट हाताने शिवली.

पट्टी, पेन्सिली, शार्पनर सगळं मावलं. चेनच्या दोन्ही टोकांना कोपरे जरा जाड झालेत, पुढच्या पाऊचला तिथे चेनऐवजी कापडाचे छोटे तुकडे जोडून बघणारे, मोरपंखी खण इस्त्री करून मशीनवरच ठेवलाय.